तेलवणाची फोड

आमची रंजना बारावीला मराठीत नापास झाली होती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात हे कुणाच्या लक्षात राहणार नाही. तिच्या बाबतीत कायम असंच व्हायचं. तिचं उणं कुणाला दिसायचं नाही आणि माझं अधिक कुणाला दिसायचं नाही.

रंजना म्हणजे माझी धाकटी जाऊ. पळसदरीच्या अलीकडं आमचं गाव, तिथं दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एका घरात मी, कर्जतच्या एका हायस्कुलात मराठी शिकवणारी, एम. ए. झालेली. माझं माहेर खालापूरकडचं, म्हणजे जन्मानं मीही हाय-नाय बोलणारीच. पण शिकायला बाहेर पडले आणि ते सगळं घासूनपुसून काढलं. दुसऱ्या घरात ती, साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर. स्कूटीवरून जायची. गॉगल घरात आल्यावर डोळ्यांवरून डोक्यावर चढवायची आणि भाकऱ्या थापतानाही तो तिथंच असायचा. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, टेंपो चालवतात. त्यांना दोन मुलगे. मला एकच मुलगी, मानसी. आम्ही तिला मनू म्हणतो.

रंजना ठेंगणी, अंगानं भरलेली, आणि आवाज असा की चालू मशीनच्या पलीकडच्या बाईला हाक ऐकू जावी. बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायची आणि गोष्ट संपेपर्यंत सोडायची नाही. देवमाणूस वगैरे अजिबात नव्हती. माझा तांब्याचा हंडा पाण्यासाठी म्हणून नेला तो वर्षभर तिच्याकडंच राहिला, आणि पाहुण्यांना ती तो आपल्या आईनं दिलेला म्हणून दाखवायची. थाप मारायची तर तोंडावरची माशी न हलू देता. एका लग्नात तिनं स्वतःला बाहेरून बी. ए. करतेय असं सांगितलं होतं, आणि ते सांगितलं कुणाला, तर माझ्याच शाळेतल्या शिपायाला. त्यानं दुसऱ्या दिवशी मला पेढे मागितले.

तिला एक खोड होती. शेंग सोलावी तसा ती शब्द सोलायची. कुठलाही शब्द कानावर पडला की मधोमध फोडून बघायची आत काय निघतंय ते, आणि काही निघालं नाही तर स्वतःच घालायची. मी तिला म्हणायचे, अगं, असं नसतं, शब्दाला व्युत्पत्ती असते, मूळ असतं. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. ‘ताई, शब्द म्हंजे चप्पल वो. ज्याच्या पायात बसंल त्याची.’

आता तेलवण. आमच्याकडं नवरीला हळद लागली की मग तेल लावतात. वाटीत तेल घ्यायचं, आंब्याची पानं त्यात बुडवायची आणि आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, शेवटी टाळू असं पानानं तेल टेकवत वर जायचं. त्याला तेल चढवणं म्हणतात आणि सगळ्या विधीला तेलवण. घरातल्या, भावकीतल्या बाया एकेक करून पुढं येतात. पहिलं पान कुणी लावायचं, हा मोठा मानाचा प्रश्न. आमच्या घराण्यात त्याला ठरलेला नियम नाही. सासूबाई सांगायच्या, घरातले जिला पुढं करतील तिनं लावायचं, मग ती आई असो, आत्या असो की काकी. नियम असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

रंजना लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत समोरच्या घरातल्या चंदाचं लग्न निघालं. चंदाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि त्यावरून हळदीच्या मांडवात तिची इतकी चेष्टा चालली होती की पोरगी रडायला आली. रंजना नवी सून, डोक्यावर पदर. पान तेलात बुडवता बुडवता तिनं सगळ्यांना विचारलं, तेलवण म्हणजे काय, माहीत आहे का कुणाला? कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मग तिनंच सांगितलं की तेलवण म्हणजे तेल आणि लवण. तेल आणि मीठ. दोन ‘ल’ शेजारी शेजारी आले, त्यातला एक बोलता बोलता गळून पडला. माहेरून पोरीनं एवढे दोनच जिन्नस न्यायचे, बाकीचं सासूनं शिकवायचं, आणि नाही शिकवलं तर सासूनं अळणी खायचं. मांडव हसला. चंदा तर तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी मी रंजनाला बोलावून नीट समजावलं. लवण हा संस्कृत शब्द, आपल्या बायांच्या तोंडी मीठ, तेव्हा विधीच्या नावात लवण येईलच कसं? हेही सांगितलं की तेल हा शब्दच मुळात तिळावरून आला. तिळाचं ते तैल. म्हणजे खरं पाहिलं तर खोबऱ्याचं तेल म्हणणंसुद्धा गंमतच आहे. तिनं गालावर हात ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, तुम्हाला किती येतं वो ताई. मला बरं वाटलं. पुढच्याच हळदीत तिनं माझं हे तिळाचं असं काही रंगवून सांगितलं, की बायांनी तिळाचंच तेल पाहिजे म्हणून माणूस कर्जतला पिटाळला, आणि तो येईपर्यंत नवरी हळद वाळवत बसली. माझं नाव कुठंही नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते मी तिला बोलून दाखवलं नाही, नाहीतर तिनं तिळपापडही पुढच्या लग्नात वापरला असता.

तेव्हापासून आसपासच्या गावांत हळद निघाली की रंजनाला बोलावणं यायचं. डीजेवाला आवाज बंद करायचा, कुणीतरी माइक तिच्या हातात द्यायचं आणि बाया दाटीवाटीनं पुढं सरकायच्या. शब्द एकच, तेलवण. पण प्रत्येक नवरीला त्याची फोड वेगळी, एकीला तर वण म्हणजे वन, रान. आधीची पुन्हा कधी वापरायची नाही. मी वाट बघायचे की कधीतरी ही पकडली जाईल, कुणी तरी म्हणेल, अहो, मागच्या लग्नात तुम्ही वेगळंच सांगितलं होतं. कुणी म्हणालं नाही. जिला जो अर्थ मिळाला तिला तो आपलाच वाटायचा.

अलीकडं आमच्या भागात मुंबईची माणसं फार्महाऊस भाड्यानं घेऊन लग्नं करतात. अशाच एका लग्नात नवरीच्या आईला ‘गावाकडचं खरं तेलवण’ हवं होतं. व्यवस्था बघणाऱ्या पोरानं गावात चौकशी केली आणि गावानं अर्थात रंजनाकडं बोट दाखवलं. ती मला म्हणाली, ताई, तुमीपन चला, तुमचं हिंदी चांगलं हाय. मी गेले. वाटलं, तिथं तरी शिकलेली माणसं असतील, कोणी नीट काही विचारेल. रेशमी साडी नेसले, वाटेत मनाशी चार वाक्यं जुळवली. तिथं नवरदेवाकडची माणसं दिल्लीची, डोक्यावर कॅमेरा घिरट्या घालतोय. एका बाईनं विचारलंच, आंटी, तेलवण का मतलब क्या है? चष्मा माझ्या डोळ्यांवर होता म्हणून सगळे माझ्याकडं वळले. मी सुरुवात केली, ‘देखिए, यह शब्द दरअसल...’

तेवढ्यात शेजारून आवाज आला. ‘तेल मतलब ऑइल. वन मतलब वन. ऑइल नंबर वन. बाद में लाईफ में तेल लगाने बहोत लोग आयेंगे, पन नंबर वन ये वाला, मम्मी का.’

नवरीची आई तिथंच रडायला लागली. डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं तरी तिनं रंजनाला मिठी मारली. दिल्लीची माणसं ‘ऑइल नंबर वन’ म्हणत टाळ्या पिटू लागली. मी माझं दरअसल घेऊन उभी. निघताना आम्हा दोघींना मिठाईचे डबे दिले. तिच्या डब्यावर सुंदर अक्षरांत तिचं नाव होतं आणि माझ्या डब्यावर ‘हेल्पर’. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिनं एका हातानं स्कूटी चालवत सगळा रस्ता माझ्याही डब्यातले काजू खाल्ले.

हे सगळं मी सोसलं असतं. लोकांचं काय, लोक तमाशालाही टाळ्या वाजवतात. पण मनूचं तसं नव्हतं. पोरगी माझी, आणि शाळेतून आली की दप्तर इकडं टाकून भिंतीपलीकडं. रंजनाची शिफ्ट संपायची वेळ पोरीला शाळेच्या घंटेपेक्षा पक्की ठाऊक. मग भिंतीतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. नुसतं हसणं, शब्द नाहीत. मी पोळ्या लाटता लाटता लाटणं थांबवून कान द्यायचे. मनू आली की विचारायचे, काय एवढं चाललं होतं? ती म्हणायची, काही नाही, असंच. पोटात दुखायचं माझ्या. दुसरा शब्द नाही त्याला.

एकदा मनू माझ्याच वर्गात असताना चाचणीत मी प्रश्न घातला होता, परिसरातल्या गावांच्या नावांचा उगम सांगा. पळसदरी म्हणजे पळसाची दरी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. माझ्या लेकीनं पानभर गोष्ट लिहिली होती. सदू नावाचा गुराखी, त्याच्या मागं वाघ, आणि डोंगरावरून गाव ओरडतंय, पळ, सदू, दरीत! त्यावरून पळसदरी. अक्षर मनूचं, वाघ रंजनाचा. मी त्यावर लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. मनू रुसली नाही, भांडली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, ‘आई, तुझं बरोबर असतं गं. पण काकीचं ऐकलं की सदू दिसतो.’ मी तिला भात वाढला.

आता ज्योतीचं सांगते, कारण ते सांगितलं नाही तर रंजना नुसती गमतीदार वाटेल. ज्योती आमच्या भावकीतली. लहानपणी स्टोव्हनं तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायची. तिच्या हळदीला पाहुण्यांतली एक बाई पुढं होऊन तिची बाही खाली ओढायला लागली, फोटोत दिसतं म्हणून. रंजनानं त्या बाईचा हात बाजूला केला आणि बाही वर सारली. पहिलं पान पायावर टेकवायचं असतं. तिनं ते त्या भाजलेल्या हातावर टेकवलं.

‘वण म्हंजे काय गं बायांनो? भाजल्याचा, कापल्याचा डाग, जो काय केल्या जात नाय तो. तेलवण म्हंजे माहेरच्या तेलाचा वण. दुसऱ्या पोरींना तो आज लावायचा आसतो. आमची ज्योती तो घेऊनच बसलीय.’

ज्योतीनं त्यानंतर बाही खाली केली नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिचा हात आहे. मी रडले, पदर ओला होईतो रडले. आणि रडता रडताच डोक्यात चाललं होतं की हे चूक आहे, वण हा व्रणावरून आलेला शब्द, त्याचा या विधीशी काडीचा संबंध नाही. आणि त्याच्याही खाली आणखी एक चाललं होतं. वण हा शब्द हिच्या आधीपासून मला माहीत आहे, ज्योतीला मी हिच्या आधीपासून ओळखते, वर्गात तिला शिकवलंय, मग हे मला का सुचलं नाही? त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

मग मनूचं लग्न ठरलं. मुलगा खोपोलीचा, चांगला, शांत. साड्या, भांडी, हॉल, कशातच माझं लक्ष नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या लेकीला पहिलं पान मी लावणार आणि तेलवण म्हणजे काय ते तिला मी सांगणार. तेवढा एक दिवस ती माझ्याकडं बघेल, माझं ऐकेल. मी ह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, लाव की, कोण नाही म्हणतंय. नाही म्हणायला मनू होती. एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, ‘आई, पहिलं पान काकीनं लावलं तर चालेल का?’

मी म्हटलं, मग मी काय करू, पंगती बघू? आवाज चढला होता माझा. मनूनं पुन्हा विषय काढला नाही, पण भिंतीतून आवाज जायचाच. दुसऱ्या दिवशी रंजना स्वतः आली. गॉगल डोक्यावर, हातात माझा हंडा. तो तिनं ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘ताई, पैलं पान तुमचंच. आन आरथपन तुमीच सांगायचा. मी येक शबुद बोलनार नाय.’

मी हो म्हटलं, पण आतून आणखीच भडकले. माझ्या लेकीच्या लग्नात माझाच मान मला देणारी ही कोण? भांडली असती तर जिंकल्यासारखं तरी वाटलं असतं.

हळदीचा दिवस आला. अंगणात मांडव, पाटावर मनू, पिवळीधमक. मी पहिलं पान लावलं. पाय, गुडघे, खांदे, टाळू. मग माइक घेतला आणि खरा अर्थ सांगितला. तेल हे नाम, त्यावरून तेलवणे हे क्रियापद, म्हणजे तेल लावणे, आणि त्या क्रियापदावरून पुन्हा नाम झालं तेलवण. जसं साठवणे वरून साठवण, सारवणे वरून सारवण, बोळवणे वरून बोळवण, आठवणे वरून आठवण. यात मीठ नाही, डाग नाही, रान नाही, काही नाही. मी हे इतकी वर्षं मनात घोळवलं होतं, आणि ते बोलून व्हायला किती थोडा वेळ लागला. माइक एकदा किंचाळला. बाया बक्षीससमारंभाला बसल्यासारख्या बसल्या होत्या. ह्यांच्या आत्यानं शेजारणीला विचारलं, आता जेवायला बसायचं का? तिला ऐकू कमी येतं, त्यामुळं ती जोरात बोलते.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, रंजूकाकी, तुमी सांगा की. मग दुसरी, मग सगळ्याच. मनूनं मान वर करून रंजनाकडं पाहिलं. मला ते पाहणं अजून दिसतं. माझ्या हातातलं तबक मी घट्ट धरलं आणि वाट बघत राहिले, ही आता काय काढते म्हणून.

रंजनानं माइक घेतला. ‘ताई बोल्ल्या तोच आरथ. दुसरा नाय.’ एवढं बोलून माइक परत दिला. तिला टाळ्या पडल्या. मी एवढं व्याकरण सांगितलं त्याला कुणी हात उचलला नव्हता, आणि हिनं काहीच सांगितलं नाही त्याला टाळ्या. मन किती मोठं बाईचं, असं माझ्या मागचीच बाई म्हणाली.

मग बायांची रांग लागली. रंजनाची पाळी आली तेव्हा डीजेवाल्यानं पुन्हा गाणं सुरू केलं होतं. तिनं पायापासून तेल चढवत नेलं आणि टाळूवर पान टेकवताना खाली वाकून मनूच्या कानात काहीतरी सांगितलं. क्षणभरच. मनूचे डोळे भरले आणि तिनं काकीचं तेलकट मनगट धरलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. रंजनानं मनूच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि हसली. मला ते हसणं जिंकल्याचं वाटलं.

पुढचं वर्ष मी त्या कुजबुजीवर काढलं. मला खात्रीच होती की तिनं तेलवणाचा एक अर्थ इतकी वर्षं मनूसाठी राखून ठेवला होता, सगळ्यांत चांगला, आणि मी खोडून काढू नये म्हणून तो कानात सांगितला. मनूला फोनवर विचारलं. ती म्हणाली, सांगेन कधीतरी. रंजनाला विचारलं. ती म्हणाली, काय नाय वो ताई, आमचं काकी-पुतनीचं असंच. मी चहा अर्धा टाकून घरी आले. आणखी एकदा विचारायचं मनात होतं, पण माझा मान मला अडवायचा.

नंतर विचारायला ती राहिली नाही. कामावर जायला स्कूटी बाहेर काढता काढता खाली बसली, कर्जतला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय जाण्याचं नव्हतं. मला राग आला तिचा. गावभर रडारड, आणि मी तिच्या ओट्यावर बसून रागावलेली. भांडायला समोर माणूस लागतं, तेही तिनं ठेवलं नाही.

बाराव्याला एवढ्या बाया आल्या की ओटी पुरेना, अंगणात सतरंज्या घातल्या. वेगवेगळ्या गावांत दिलेल्या मुली, कुणी मूल घेऊन, कुणी मुलाला शाळेत सोडून. बोलता बोलता चंदा म्हणाली, तेल आणि लवण, मला सांगितलं होतं काकीनं, अजून आमटीत मीठ टाकताना आठवतं. ज्योती म्हणाली, लवण कुठलं, वण, डाग. तिसरी म्हणाली, छे, वन, रान, पानानं लावतात म्हणून. इतक्या वर्षांनी रंजनाची चोरी पकडली गेली होती. मी ज्याची वाट बघत होते ते झालं होतं, आणि ती कुणालाही चोरी वाटत नव्हती. प्रत्येकीला आपलाच खरा वाटत होता आणि सोडायला कुणी तयार नव्हतं. शेवटी चंदा माझ्याकडं वळली आणि म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा खरा कुठला ते. जन्मात पहिल्यांदा हा प्रश्न मला नीट विचारला गेला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून मनू आली. डोळे सुजलेले. म्हणाली, मी सांगते, काकीनं मला सांगितलाय. वर्षभर जे मला सांगितलं नाही ते आता ही सगळ्यांसमोर सांगणार, आणि मला ते सगळ्यांबरोबर ऐकावं लागणार होतं.

मनूनं काकीसारखाच आवाज काढला. तसाच हेल, तसंच थांबणं. ‘मनू, आईनं सांगितलं ते आयकलंस ना नीट? आठवतं ती आठवण, तेलवतात ते तेलवण. ह्योच खरा. माजं समदं बनवलेलं असतं. सासरी कुनी इचारलं तर आईचा सांगायचा, काकीचा नाय.’

बायांनी डोळे पुसले. चंदा माझ्याकडं बघून मान डोलावत राहिली. सगळ्या अंगणानं माझा अर्थ खरा म्हणून ऐकला, आणि तो ऐकला रंजनाकडून. एवढी उदाहरणं दिली होती मी. साठवण, सारवण, बोळवण. ती टाकून बयेनं तेवढी एकच उचलली आणि माझ्या पोरीच्या कानात ठेवली. मी वर्षानुवर्षं वर्गात आठवणे, आठवण असं फळ्यावर लिहीत आले, आणि माझ्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं. आता ते थांबेना, आणि तरी मला तिचा हेवाच वाटत होता.

‘ह्योच नाही गं,’ मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं. ‘हाच म्हणावं.’

मनू रडता रडता हसली.

‘नाय,’ ती म्हणाली. ‘काकी ह्योच बोल्ली.’